दोनशे चाळीस दिवसांचा माणूस

वेरावळ बंदर
८ ऑक्टोबर २०२४

आत्या,

सा. न. वि. वि. असं सुरू करतात ना? पुढचं विसरलो. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला मी बहुतेक खाडीवर होतो.

उशीर झालाय, मला माहीत आहे. हे पत्र मी जुलैपासून लिहितोय, म्हणजे मनात. ऑगस्टात कागद घेतला. गणपतीत पाकीट घेतलं. पेन आज मिळालं, तेही कानाभाईच्या गल्ल्यावरचं, आणि तो दर दोन मिनिटांनी बघतोय मी ते खिशात टाकतोय का. कानाभाई म्हणजे इथला चहावाला. मी त्याच्या टपरीमागे झोपतो आणि बर्फाच्या शेडमध्ये मासळी निवडायला जातो. फोन समुद्रात पडला, म्हणून पत्र.

त्या दिवशी मी गाळ्यातून खरंच चहालाच बाहेर पडलो होतो. नाक्यावर एक टेम्पोवाला हायवेला कसं लागायचं विचारत होता. सांगून त्याला कळेना, म्हणून दाखवायला बसलो. हायवे आला तेव्हा तो गोष्ट सांगत होता, त्याच्या भावाने एकाच मुलीशी दोनदा लग्न केलं त्याची. अर्ध्यात कसं उतरणार? गोष्ट वापीला संपली. तिथे वाटलं, एवढं आलोच आहोत तर.

इथे लाकडाच्या बोटी बांधतात, आत्या. आधी नुसत्या फासळ्या उभ्या करतात, आत माणूस उभा राहिला की देवमाशाने गिळल्यासारखा दिसतो. मी दोन दिवस नुसतं ते बघत होतो.

बरं, मुद्दा. उशीर आळसाने झाला नाही, लाजेने झाला. दर सात तारखेला खात्यात माझा पगार पडतोय. पहिल्यांदा वाटलं, चुकून आला. दुसऱ्यांदा वाटलं, आत्याचा जीव. तिसऱ्यांदा काही वाटलं नाही, सरळ काढला. पण काल रात्री झोप लागेना. तू तर सुट्टीच्या दिवसाचा चहासुद्धा कोणाला फुकट देत नाहीस. मी तिथे नाही, मग पगार कोणाचा?

तुझा,
वेदांत

पत्ता: द्वारा कानाभाई चहावाला, बंदर रोड, वेरावळ.


वालीव
१७ ऑक्टोबर २०२४

चि. वेदांत यास आत्याचे आशीर्वाद.

आपल्या गाळ्यातल्या रेजिनानं पाकीट आनून दिलं तेव्हा मी दाराच्या कड्यांना तेल लावत होते. हात न पुसताच फोडलं, डाग पडलाय. तू जिवंत हायस एवढं वाचलं आनि पुढचं दुपारी वाचलं. जुलैत मी पोलिसात जायला निघाले होते. आपला प्रेसवरचा व्हॅलेरियन म्हनाला, "बाय, पोरगा हरवलेला नाय, निघून गेलेला हाय. त्यात फरक असतो."

पगाराचं विचारलंस. सांगते. मार्चात प्रितेश आलेला, आपले कराचे कागद भरतो तो विरारचा पोरगा. म्हनाला, "मावशी, लहान धंदेवाल्यानं नवीन मानूस ठेवला, पगार बँकेतून दिला, आनि तो वर्षात दोनशे चाळीस दिवस टिकला, तर सरकार करात सूट देतं. एक वर्ष नाय, तीन." तुझे काका असते तर हसले असते. त्यांच्या मते कर म्हंजे आपल्या ताटात येनारा दुसऱ्याचा हात. हा पहिलाच हात मी बघितला जो म्हनतो, तू मानसं वाढव, मी कमी घेतो. म्हनून एप्रिलात तुला घेतलं आनि मनवेलपाड्याच्या संजनाला घेतलं.

सूट काय डोंगराएवढी नाय. पन पावसाळ्यात बिल्डरांची कामं थंड होतात, दाराच्या कड्या कोन घेत नाय, तेव्हा शेवटी आलेल्या मानसाला मी दोन महिने घरी बसवते. तुमची दोघांची सूट मिळाली तर संजनाला बसवावं लागत नाय. तिच्या घरी तिच्याशिवाय कमावनारं कोन नाय. एकाची मिळून भागत नाय, दोघांची पायजे.

आनि तू एक्क्यान्नव दिवस भरलेस नि चहाला गेलास.

मग मी हजेरी चालू ठेवली. आपली हजेरी कशी असते तुला म्हाईत हाय. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये एकाचा हात असताना दुसऱ्यानं वीज चालू केली, तेव्हापासून काकांनी नियम केला. सकाळी एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, त्यानं ओ द्यायची, फळीवरचा आपला बिल्ला काढून आपल्या मशीनच्या खिळ्याला लावायचा. सगळे बिल्ले लागल्याशिवाय वीज नाय. मी खोटं लिहिनारी बाई नाय, वेदांत. म्हनून रोज तुझं नाव घेते, थोडं थांबते, तुझा सात नंबरचा बिल्ला मीच तुझ्या मशीनला लावते, तुझा चहा ओतून तिथं ठेवते. एवढं केलं की हजर लिहिताना हात अडत नाय.

आज तुझे एकशे साठ झाले. ऐंशी राहिले. तू ये आनि उरलेले खरे भर.

तुझी आत्या,
यमुना


वेरावळ
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

दिवाळी कशी झाली? इथे एका बकरीने माझी एक चप्पल खाल्ली. दुसरी मी तिच्यासमोर नेऊन ठेवली, म्हटलं जोडी मोडू नको, तर हुंगून निघून गेली. असो.

तुझं पत्र मी शेडमध्ये बर्फाच्या लादीवर बसून वाचलं. तू बोलतेस तस्संच लिहितेस, मला गाळ्यातला तेलाचा वाससुद्धा आला. मग हसू आलं. म्हणजे मी इथे कोळंबी निवडतोय आणि तिकडे वालीवला माझा चहा गार होतोय! सरकारचं पण भारी आहे. त्यांना वाटतं, माणसाला दोनशे चाळीस दिवस एका जागी बसवलं की धंदा वाढतो. मला दोनशे चाळीस मिनिटं बसवून दाखवा म्हणावं.

रागवू नको. संजनाचं वाचून मला वाईट वाटलं. ती माझ्या बाजूच्या मशीनवर होती, रोज अर्धी भाकरी द्यायची आणि वर म्हणायची, "खा, नायतर तू प्रेसमध्ये हात घालशील भुकेनं." तिला बसवू नको. मी येतोच. म्हणजे एक बोट पुढच्या महिन्यात पाण्यात सोडणार आहेत, पूर्ण गाव ओढायला येतं म्हणतात, ते बघतो आणि निघतो.

तोपर्यंत तुझी युक्ती चालू ठेव. आणि माझ्या बिल्ल्याला माझ्यातर्फे सांग: नुसता लटकू नको, हातपाय हलव. पगार मी खातो, काम तू कर, माझी काही हरकत नाही.

एक खरं सांगतो. फोन समुद्रात पडला नाही, विकला.

आणि एक गंमत. इथे बँकेचा माणूस पेटी घेऊन बसतो, अंगठा लावला की पैसे देतो. या वेळी अंगठा जुळेना. चारदा पुसून लावला. तो म्हणाला, बर्फात नि मिठात रेषा झिजल्या असतील, मच्छीवाल्यांचं असंच होतं. शेवटी कार्डावर काढले.

तुझा,
वेदांत


वालीव
२२ नोव्हेंबर २०२४

चि. वेदांत,

पत्र गाळ्यात वाचून दाखवलं. बकरीच्या गोष्टीला सगळे हसले. बिल्ल्याचा निरोप आला तेव्हा व्हॅलेरियननं सात नंबरच्या मशीनकडं तोंड करून तो पुन्हा मोठ्यानं वाचला. "ऐकलंस काय रे? मालकाची हरकत नाय!" रेजिना तेवढी हसली नाय. म्हनाली, "असं बोलू नये. नाव घेतलेल्या जागेला असं काय सांगू नये."

ते झालं मागल्या बुधवारी. गुरुवारी सकाळी मी कुलूप उघडलं तर सात नंबरच्या खालच्या टोपलीत चारशे कड्या. तयार. कडा घासलेल्या.

मी व्हॅलेरियनला बाजूला घेतलं. म्हटलं, "माझ्यावर उपकार करायचे तर सांगून कर, मी वरचा पगार देईन."

तो म्हनाला, "बाय, माझे गुडघे बघा. माझ्या प्रेसचं पेडल मारून घरी जाताना मला जिना चढवत नाय. मी कुठं दुसऱ्याचं काम करू?"

"मग कोनी केलं?"

"चावी तुमच्याकडं असते."

हे खरं हाय. चावी माझ्याच कमरेला असते.

मग रोज. कधी चारशे, कधी साडेचारशे. मोजून बघितलं, एकही वाकडी नाय. तू असताना शंभरात पंधरा वाकड्या निघायच्या, म्हनून वाटलं, तू तर नसशील.

आनि या सोमवारी हजेरी घेताना तुझं नाव घेतलं, नेहमीसारखी थांबले, आनि कोनीतरी "हाय" म्हटलं.

हळू. जसं तू म्हनतोस, नाकातून. मी मान वर केली नाय. सगळे आपापल्या मशीनकडं बघत होते. संजना रडायला लागली पन तिचं पेडल चालू होतं. मी पुढचं नाव घेतलं. काय करनार होते? सात नंबरचा बिल्ला फळीवर नव्हता. मी लावला नव्हता.

चहा ओतला. कप रिकामा परत आला.

मतदानाला सुट्टी होती. काल सगळे शाई लागलेली बोटं एकमेकांना दाखवत होते. रेजिना माझ्याजवळ आली आनि कानात म्हनाली, "बाय, सात नंबरला पन शाई लागलेली हाय."

तू खरं सांग. तू वेरावळला हायस ना? का ही पत्रं कोनाकडून टाकून घेतोस नि माझी मजा करतोस? करत असशील तर मी रागवनार नाय. मला बरं वाटेल.

एकशे सत्त्याऐंशी झाले.

तुझी आत्या


वेरावळ
८ डिसेंबर २०२४

आत्या,

मी वेरावळलाच आहे. शपथ. पोस्टाचा शिक्का बघ.

पत्र वाचून मी आधी हसलो, कानाभाईला पण सांगितलं. तो हसला नाही. त्याने विचारलं, "तू ओ दिली होतीस का त्या दिवशी?" मी म्हटलं, मी इथे होतो, कशाला ओ देईन. तो म्हणाला, "मग दुसऱ्या कोणी दिली. रिकामं नाव कोणी फार दिवस तसंच ठेवत नाही." मग गिऱ्हाईक आलं नि तो उठून गेला.

आत्या, तो कोण आहे? तोंड बघ त्याचं. कोणी भुरटा असेल, माझं आधारकार्ड वगैरे सापडलं असेल त्याला. पोलिसात दे. मी गमतीने लिहिलं होतं ते, हरकत नाही म्हणून. हरकत आहे. मोठ्याने वाचून दाखव त्यांना. हरकत आहे.

इकडे पण काहीतरी बिघडलंय. सांगू की नको असं चाललंय, पण तुला नाही तर कोणाला सांगू. शेडचा मुकादम सकाळी माणसं मोजतो, आम्ही अकरा जण, तो दहा म्हणतो. मी हात वर केला की बघतो, हो हो म्हणतो, आणि संध्याकाळी पैसे दहाच जणांचे आणतो. परवा कानाभाईने पाच जणांत चार चहा ओतले. तो असा नाही. त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, "माफ कर, तू बसला होतास हे लक्षातच आलं नाही." मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो.

आणि कार्ड चालत नाही. मशीन म्हणतं, हे कार्ड बंद आहे, नवीन कार्ड दिलेलं आहे. कोणाला दिलं?

तुला माझ्या डाव्या हाताची खूण आठवते? पहिल्याच आठवड्यात पत्र्याच्या कडेने करंगळीखाली कापलं होतं, चार टाके पडले होते, तू माझ्यापेक्षा जास्त रडली होतीस. काल बर्फातून हात काढला आणि बघितलं. खूण नाही. बर्फाने कातडी पांढरी पडते, म्हणून दिसत नसेल. चुलीजवळ हात शेकून पुन्हा बघितलं.

ती बोट पाण्यात सोडली. मी बघायला गेलो नाही. मी आता कुठे जात नाही. रोज पोस्टमनची वाट बघतो. जन्मात पहिल्यांदा एका जागी इतका बसलोय.

लवकर लिही.
वेदांत


वालीव
२४ डिसेंबर २०२४

चि. वेदांत,

उद्या नाताळ, गाळा बंद. व्हॅलेरियननं सगळ्यांना केक आनलाय. एक तुकडा सात नंबरलाही ठेवला, आनि नेहमीसारखा आपल्या मशीनकडं गेला. मानसाला सवय होते बघ.

तू म्हनालास तोंड बघ. मी बघितलं. पंधरा दिवस हिम्मत झाली नाय, मग एक दिवस जेवनाच्या सुट्टीत समोर जाऊन उभी राहिले. तोंड तुझंच हाय. डोळ्यावर येनारे केससुद्धा. फक्त तुझं तोंड सारखं हलत असतं, इकडं बघ, तिकडं बघ. हे स्थिर हाय. मी म्हटलं, "जेवलास?" तर म्हनाला, "जेवतो आत्या." मग मी डबा दिला. धुऊन परत आनला. तू कधी डबा धुतलास?

पोलिसांना काय सांगू? माझा भाचा कामावर येतो म्हनून तक्रार करू?

प्रितेश आला होता कागद तपासायला. मी घाबरून होते. तो मशीनपाशी गेला, दोन शब्द बोलला नि हसत परत आला. "मावशी, तुम्ही मला उगाच काळजीत टाकलंत. हा रोज असतो की! अशी मानसं ठेवलीत तर पुढच्या वर्षी अजून दोन ठेवा." नायगावच्या बिल्डरची नवीन ऑर्डर आली हाय, दोन टॉवर, सगळ्या दारांच्या कड्या आपल्या. संजनाला पावसाळ्यात बसवनार नाय असं मी तिला सांगून टाकलं. ती पाया पडायला लागली. मी म्हटलं, माझ्या नको.

गेल्या मंगळवारी त्याची जुनी जखम उघडली. डाव्या करंगळीखालची, चार टाक्यांची. रेजिनानं फडकं बांधलं. रक्त लाल होतं, ती म्हनाली, बाकी मानसासारखंच. तेव्हापासून ती पन त्याला नावानं हाक मारते.

बँकेत मीच घेऊन गेले होते. अंगठा जुळत नव्हता म्हनून त्यांनी नवीन घेतला. लगेच जुळला. कार्ड बदलून दिलं. तू लिहिलंस तेव्हा कळलं की तुझं बंद झालं असेल. पन विचार कर, काम तिथं होतं, पगार तिथंच जायला पायजे ना?

तुझा बापूस जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तू घरात असलास तरी एक पाय दाराबाहेर. रोज संध्याकाळी मी दोन ताटं घ्यायची नि एक झाकून ठेवायची. आता झाकावं लागत नाय. तू वेळेवर येतोस.

दोनशे चौदा झाले.

तुझी आत्या

ता. क. हे पत्र तूच टपालात टाकनार हायस.


वेरावळ
९ जानेवारी २०२५

आत्या,

तू "तू" लिहिलंस. नीट वाच, कच्चा कागद असेल तर. सुरुवातीला तो आहे, आणि शेवटी तू वेळेवर येतोस, तू टपालात टाकणार. मी नाही टाकलं, आत्या. मी घेतलं. पोस्टमनच्या हातातून ओढून घ्यावं लागलं, तो माझ्या नावाने हाका मारत माझ्या समोरून चालला होता.

मी आता जास्त फिरवून लिहीत नाही. मला फिरवायला काही सुचतच नाही, पहिल्यांदाच.

मला पगार नको. सूट जाऊ दे. संजनाला मी पैसे पाठवीन, कुठूनही, बोटीवर जाईन, पण एक काम कर. एकच दिवस हजेरीला माझं नाव घेऊ नको. बिल्ला फळीवरच राहू दे. चहा ओतू नको. हजेरीच्या वहीत त्या रकान्यात काही लिहू नको, गैरहजरसुद्धा नको, कोरा ठेव. तू नाव घेतलंस म्हणून त्याने ओ दिली. तू घेतलं नाहीस तर तो कशाला ओ देईल?

मला माहीत आहे, चूक माझी आहे. मी चार महिने न केलेल्या कामाचे पैसे खाल्ले आणि वर म्हटलं, हरकत नाही. तू निदान चहा तरी ओतत होतीस. मी तेवढंही केलं नाही.

तुला आठवतं, मी लहान असताना खाडीवर जायचो आणि अंधार पडला की तू बांधावर उभी राहून ओरडायचीस. मी ऐकायचो, पण लगेच ओ द्यायचो नाही. वाटायचं, अजून एकदा हाक मारेल. तू मारायचीस. दहादा मारायचीस. म्हणून मला कधी वाटलंच नाही की हाक संपते.

एकच दिवस, आत्या. आणि मला लिही काय झालं.

वेदांत

काल कानाभाईने विचारलं, "भाई, किसका काम है?" म्हणजे, तुला कोण पाहिजे. पाच महिने मी त्याच्या टपरीमागे झोपतो.


वालीव
२७ जानेवारी २०२५

चि. वेदांत,

अक्षर ओळखीचं वाटेल. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हनाले पंधरा दिवस लिहायचं वाचायचं नाय. म्हनून मी सांगते आनि हा लिहून घेतो. तुझं पत्रही त्यानंच वाचून दाखवलं. सगळं वाचलं, काय गाळलं नाय. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्या हातात दिलं नि म्हनाला, "आत्या, तो म्हनतो तसं करून बघ."

तर मी केलं. वीस तारखेला, सोमवारी. सगळ्यांची नावं घेतली, तुझं सोडलं. चहा ओतला नाय. बिल्ला फळीवर होता. वीज चालू करायला गेले तर व्हॅलेरियन म्हनाला, "बाय, थांबा, सात राहिला."

मी म्हटलं, "आज नाय घ्यायचा."

 हा आपल्या मशीनपाशी उभा होता. हात मागं. कोनी वर्गाबाहेर काढलेलं पोर असतं ना, तसा. रेजिना म्हनाली, "बाय, त्यानं काय केलंय?" संजनानं तर पेडलवरून पायच काढला. म्हनाली, "त्याला घेत नाय तर मला पन नको." सात मानसं हात जोडून माझ्याकडं बघतायत. मी अकरा मिनिटं टिकले. घड्याळ बघत होते. मग नाव घेतलं. तो "हाय" म्हनाला आनि पहिल्यांदा हसला. वेदांत, तुझ्यासारखाच हसतो रे.

शुक्रवारी दोनशे चाळीस पुरे झाले. मी पेढे वाटले. मला वाटलं होतं, दोनशे एक्केचाळिसाव्या दिवशी मशीनपाशी कोन नसेल. सरकारचं काम झालं, आता तो कशाला थांबेल. मी मुद्दाम लवकर गेले. तो माझ्या आधी येऊन पायरीवर बसला होता. प्रितेशला विचारलं तर तो म्हनाला, "मावशी, सूट तीन वर्षांची हाय. मानूस टिकला पायजे."

तू रागवू नकोस. मी खूप विचार केला. तुला कुठं बांधून ठेवलेलं तुला कधी आवडलं नाय. इथं मला एक मानूस पायजे होता, तिथं तुला मोकळीक पायजे होती. दोघांचं झालं. तू फिर. बोटी बघ. इथली काळजी करू नकोस, इथं तू हायस.

पन रात्री कधी बांधावरून कोनी ओ देतंय असं वाटतं. मी उठून बसते. मग आतल्या खोलीतून हा विचारतो, "काय झालं आत्या?" आनि मी म्हनते, काय नाय.

थंडी हाय, अंगावर घेत जा. जेवत जा. तुला एक स्वेटर

आत्या उठून दाराशी गेली आहे, म्हणून स्वेटरचं वाक्य अर्धं राहिलं. ती परत आली की पूर्ण करीन. दुपारची सुट्टी आहे, मशिनं बंद आहेत, त्यामुळे दारावरची थाप सगळ्यांना ऐकू आली.

कोणी आलं आहे. लोखंडी दाराच्या फटीतून मला दिसतं आहे. पाठीला सॅक, पायात वेगवेगळ्या दोन चपला, अंगाला मासळीचा वास येतो आहे तो इथपर्यंत. फार लांबून आल्यासारखा दिसतो. रेजिना मघाशीच त्याच्या शेजारून आत आली, तिला तो दिसला नसावा. तिने लावल्यापासून दार आतून बंद आहे. कडी आपल्याच गाळ्यातली, मीच बनवलेली.

आत्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. तिने विचारलं, "कोन रे?"

त्याने नाव सांगितलं. आवाज बसलेला होता, तिला नीट ऐकू आलं नाही. म्हणून तिने तेच नाव पुन्हा मोठ्याने विचारलं, रोज हजेरीला घेते तसं, आणि नेहमीसारखी थोडी थांबली.

मी लगेच "हाय" म्हटलं.

त्याला जरा उशीर झाला.